बत्तीस खाटा, तेहेतीस उत्तरे

रोवणीचे दिवस होते. पूर्व विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत या दिवसांत काय गर्दी असते ते सांगायला नको. ताप, हगवण, सर्पदंश, मलेरिया असे रुग्ण एकामागून एक येत असतात. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, मी दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला असतानाची आहे. रात्री दोनच्या सुमारास एका शेतकऱ्याला जीपमधून आणले. वय पंचेचाळीसच्या आसपास, चार दिवसांचा ताप आणि संध्याकाळपासून बरळणे. मेंदूपर्यंत गेलेल्या मलेरियाचीच शंका होती. अपघात विभागातल्या संगणकावर ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पाहिले, तर पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात बत्तीसच्या बत्तीस खाटा रिकाम्या! त्यांनी ट्रॉली वर पाठवली.

वॉर्डात पाय ठेवायला जागा नव्हती. बत्तीस खाटांवर बत्तीस माणसे आणि दोघे जमिनीवर गादी टाकून. इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, "सर, खाली कोणी सांगितलं खाट आहे म्हणून? शेवटच्या खाटेवर आत्ताच एका आजोबांना घेतलं." भिंतीवरच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहिलेही होते: ३२ पैकी ३२. ट्रॉली परत खाली, मग दुसऱ्या इमारतीत, मग पुन्हा वर. यात जवळजवळ चाळीस मिनिटे गेली. आर्टेसुनेटचे इंजेक्शन तेवढ्या उशिराने मिळाले. तो माणूस वाचला. पुढच्या आठवड्यात चालत घरी गेला.

सकाळी मी नोंदणी करणाऱ्या मुलाला चांगलेच फैलावर घेतले. नोंदी चुकवल्यास, असे सर्वांसमोर म्हणालो. त्याने शांतपणे रात्रीच्या नोंदी काढून दाखवल्या. बत्तीसही नावे बरोबर भरलेली होती. चूक त्याची नव्हती. माणसे मोजणाऱ्या प्रोग्रॅमची होती. त्या मुलाची मी नंतर माफी मागितली, पण ती एकट्यात. रागावलो मात्र चारचौघांत होतो. ते अजून सलते.

दिवाळीत माझा भाचा आला. तो पुण्यात संगणकाच्या अगदी आतल्या पातळीवरचे प्रोग्रॅम लिहितो. त्याला हा किस्सा सांगितला. त्याने एकच प्रश्न विचारला, "मामाजी, वॉर्डात खाटा किती होत्या?" बत्तीस, म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "मग कळलं. एकतीस असत्या तर कधीच झालं नसतं." त्या संध्याकाळी त्याने मला जे समजावले, ते वैद्यकीय शिक्षणात मला कोणी शिकवले नव्हते. आता रुग्णालयाची खाट, औषध, तपासणी, सगळेच संगणकावरून ठरू लागले आहे. म्हणून ते तुम्हालाही सांगतो.

संगणकाच्या आत बत्तीस दिव्यांची एक रांग आहे असे समजा. प्रत्येक खाटेचा एक दिवा. रुग्ण असेल तर चालू, नसेल तर बंद. या दिव्याला बिट म्हणतात. बत्तीस बिटांची रांग हे संगणकाचे एक नेहमीचे माप आहे, जसे आपल्याकडे धान मोजायला ठरलेले माप असते. आता पहिल्या अमुक इतक्या खाटांवर किती रुग्ण आहेत हे विचारायचे, तर प्रोग्रॅम त्या रांगेवर छिद्रे असलेली एक पट्टी ठेवतो. जितक्या खाटा पाहायच्या तितकी छिद्रे. छिद्रांतून दिसणारे दिवे मोजले की उत्तर मिळते.

ही पट्टी बनवायची युक्ती सोपी आहे. आपल्या दशमान पद्धतीत तीन नऊ हवे असतील तर एकावर तीन शून्ये देऊन एक वजा करा. १००० वजा १ म्हणजे ९९९. संगणक हेच फक्त ० आणि १ वापरून करतो. तीन खाटांसाठी १ हा आकडा तीन घरे डावीकडे सरकवायचा, एक वजा करायचा, की १११ ही तीन छिद्रांची पट्टी तयार. दहा खाटांसाठी दहा घरे, एकतीस खाटांसाठी एकतीस घरे. इथपर्यंत सगळे ठीक.

बत्तीस खाटांसाठी मात्र १ हा बत्तीस घरे सरकवावा लागतो. म्हणजे तो तेहेतिसाव्या घरात जायला हवा, आणि तेहेतिसावे घर तर नाहीच. मग होते काय? इंटेलच्या प्रोसेसरांत बत्तीस बिटांचा आकडा सरकवताना, किती घरे सरकायचे या आकड्याचे फक्त शेवटचे पाच बिट पाहिले जातात. शून्यापासून एकतीसपर्यंतचे आकडे पाच बिटांत मावतात. बत्तीस लिहायला सहा लागतात: १०००००. त्याचे शेवटचे पाच बिट म्हणजे नुसती शून्ये. त्यामुळे 'बत्तीस घरे सरक' हा हुकूम 'शून्य घरे सरक' असा ऐकला जातो. एक जागेवरच राहतो, त्यातून एक वजा होतो, उरते शून्य. म्हणजे पट्टीला एकही छिद्र नाही. खाली बत्तीस दिवे लागलेले आहेत आणि वरून सगळा अंधार. पडद्यावर येते: रुग्ण शून्य, रिकाम्या खाटा बत्तीस.

तो प्रोग्रॅम फक्त वापरात असलेल्या शेवटच्या खाटेपर्यंतच मोजत असे. आमची बत्तीस नंबरची खाट संडासाच्या दाराशी होती, म्हणून ती सर्वात शेवटी भरायची, आणि वर्षातले बरेच दिवस रिकामीच असायची. ती रिकामी असेपर्यंत पडदा बरोबर बोलत होता. तिच्यावर आजोबा आले आणि त्याच क्षणी सगळा वॉर्ड पडद्यावरून नाहीसा झाला.

सी या भाषेत असे प्रोग्रॅम पन्नास वर्षे लिहिले जात आहेत. तिच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की रांगेच्या लांबीइतके किंवा त्याहून जास्त सरकवले तर काय होईल याची हमी नाही. इंटेलवर शून्य छिद्रांची पट्टी मिळेल. बत्तीस बिटांच्या जुन्या आर्म प्रोसेसरांवर तोच १ रांगेबाहेर पडून नाहीसा होईल आणि योगायोगाने पट्टी बरोबर बनेल. म्हणजे एकाच प्रोग्रॅमची चाचणी एका यंत्रावर केली तर पास, दुसऱ्या यंत्रावर तो रुग्णाला रानोमाळ फिरवणार.

आता या लेखाचा खरा मुद्दा. खाटा बत्तीस असल्या तरी 'किती भरल्या' या प्रश्नाची उत्तरे तेहेतीस आहेत. शून्य, एक, दोन असे करत बत्तीस. मोजून पाहा. जागा बत्तीस, उत्तरे तेहेतीस. खाटांचे नंबर लिहायला पुरेल तेवढेच माप घेतले, तर एक उत्तर बाहेर उभे राहते. त्याला स्वतःची जागा मिळाली नाही की ते दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर जाऊन बसते. बहुतेक वेळा 'सगळे भरले' हे 'काहीच नाही'च्या जागेवर बसते. पूर्ण आणि रिकामे यांचा चेहरा एकच होतो.

हा घोटाळा फक्त संगणकवाल्यांचा आहे असे समजू नका. आपण रोज तो करतो. कुत्रा चावल्यावर रेबीजची लस त्वचेत घ्यायची तर दिवस असतात ०, ३, ७ आणि २८. पहिले इंजेक्शन ज्या दिवशी, तो शून्यावा दिवस. सोमवारी पहिली सुई घेतली तर तिसरा दिवस गुरुवार. पण आपण बोटावर सोमवार एक, मंगळवार दोन असे मोजतो आणि बुधवारी येऊन उभे राहतो. सिस्टर म्हणतात उद्या या, आणि रोवणीची मजुरी बुडवून आलेला माणूस वैतागून पुन्हा येतच नाही. चूक त्याची नसते. कार्डावर नुसता आकडा न लिहिता तारीख आणि वार लिहिला असता तर हे घडले नसते. आणि काही कारणाने तारीख चुकलीच, तर डोस सोडू नका, उशिरा का होईना येऊन घ्या.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. आपल्या गोंदियासाठी हा विषय नवा नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. तपासणीसाठी वयोगट ठरला शून्य ते चाळीस वर्षे. आता हिशोब करा, शून्य ते चाळीस यात किती आकडे? चाळीस नव्हे, एक्केचाळीस. चाळिसावा वाढदिवस कालच झालेला तरुण शिबिरात आला तर तो आत की बाहेर? साडेचाळीस वर्षांचा? माणूस समोर असेल तर आपण म्हणतो, आलाच आहे तर कर तपासणी. प्रोग्रॅम असा विचार करत नाही. 'चाळीसपेक्षा कमी' असे लिहिले तर तो बाहेर, 'चाळीस किंवा कमी' असे लिहिले तर आत. एका चिन्हाच्या फरकाने पूर्ण एका वर्षाची माणसे यादीतून गळू शकतात, आणि ती गळली हे कोणाला कळतही नाही, कारण यादीत नसलेल्या माणसाबद्दल कोणी विचारत नाही.

नवजात अर्भकांच्या विभागात तर हे अधिक नाजूक आहे. काही प्रतिजैविकांची मात्रा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात एक असते आणि नंतर वेगळी. जन्माचा दिवस शून्यावा धरायचा की पहिला? सातवा दिवस अलीकडे की पलीकडे? हे कुठे तरी ठळक लिहिलेले नसेल तर दोन डॉक्टर एकाच बाळाला दोन वेगवेगळ्या मात्रा लिहितील आणि दोघेही आपापल्या मते बरोबर असतील.

डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये एक छोटे टिपण लिहिले. मोजणी शून्यापासून सुरू करावी, आणि सुरुवात आत पण शेवट बाहेर अशी मर्यादा ठेवावी, असे त्यांचे म्हणणे. त्यात सोय मोठी आहे. शेवट वजा सुरुवात केली की संख्या मिळते, आणि रिकामी यादीही नीट लिहिता येते. बहुतेक प्रोग्रॅमर आज तसेच लिहितात. पण या पद्धतीत शेवट दाखवायला शेवटच्या घराच्या पुढचे, एक जास्तीचे घर लागते. आमच्या वॉर्डात तेच नव्हते. उलट, शेवटची खाटही आत धरायची ठरवली, तर बत्तिसावी खाट सुखाने लिहिता येते, पण मग रिकामा वॉर्ड कसा लिहायचा ही अडचण येते. एका बाजूला पूर्ण अडते, दुसऱ्या बाजूला रिकामे. तेहेतीस उत्तरे बत्तीस घरांत कोंबली तर कोणी तरी एक बाहेर राहणारच.

अशी चूक जिवावर कशी बेतते, याचे वैद्यकशास्त्रातले सर्वात प्रसिद्ध उदाहरण कॅनडात बनलेल्या थेरॅक-२५ या कर्करोगाच्या किरणोपचार यंत्राचे आहे. अमेरिका आणि कॅनडात मिळून अशी ११ यंत्रे बसवली होती. १९८५ ते १९८७ या काळात त्यांच्याकडून सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग मिळाल्याच्या घटना नोंदल्या गेल्या, आणि त्यात मृत्यूही झाले. कारणे एकाहून जास्त होती. त्यातले एक आपल्या विषयाचे आहे. यंत्राच्या संगणकात आठ बिटांचा एक आकडा होता. तो शून्य नसेल तर त्याचा अर्थ 'किरणांच्या वाटेतले भाग जागेवर आहेत का ते तपास', आणि शून्य असेल तर 'तपासायची गरज नाही'. प्रोग्रॅम तयारीच्या प्रत्येक फेरीत त्या आकड्यात एक मिळवत असे. आठ बिटांत २५५ पर्यंतच मावते. त्यामुळे दर २५६ व्या फेरीला तो आकडा, जुन्या स्कूटरचा मीटर फिरून शून्यावर यावा तसा, शून्यावर येई. नेमक्या त्याच क्षणी ऑपरेटरने बटण दाबले तर तपासणी होतच नसे. जानेवारी १९८७ मध्ये अमेरिकेतल्या याकिमा येथे तसे घडले. त्या रुग्णाचा एप्रिलमध्ये मृत्यू झाला. नंतरची दुरुस्ती किती लहान होती पाहा: एक मिळवत राहण्याऐवजी त्या घरात शून्याखेरीज एक ठरलेला आकडा टाकायचा. बस्स.

या अपघातांचा सविस्तर अभ्यास नॅन्सी लेव्हेसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला वॉर्डातल्या फळ्याची आठवण करून देते. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात चुकीच्या स्थितीत किरण सुटू नयेत म्हणून संगणकापासून स्वतंत्र, लोखंड आणि तारांचे अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळी जबाबदारी प्रोग्रॅमवर टाकली. स्वतंत्र पहारेकरी गेला आणि प्रोग्रॅमची चूक थेट रुग्णापर्यंत पोहोचली.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. आपल्या भागातले अनेक रुग्ण किरणोपचारासाठी नागपूरला किंवा सेवाग्रामला जातात. मुंबईच्या 'समीर' या सरकारी संशोधन संस्थेने किरणोपचाराचे देशी यंत्र विकसित केले आणि सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही ते बसवले गेले, ही अभिमानाची गोष्ट आहे. थेरॅकच्या घटनांनंतर अशा यंत्रांच्या सुरक्षेकडे पाहण्याची जगाची दृष्टीच बदलली. हा लेख वाचून कोणी किरणोपचार टाळू नये. उपचार टाळण्याचा धोका यंत्राच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.

दुसरी घटना इंग्लंडमधल्या शेफील्डची. वर्ष लिहायला दोनच आकडे ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये २००० साल उजाडताच गर्भवतींची वये चुकीची मोजली जाऊ लागली. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता आईच्या वयावरही ठरते. दीडशेहून अधिक स्त्रियांना चुकीचा अंदाज दिला गेला आणि मे महिन्यापर्यंत ते लक्षात आले नाही. ९९ च्या पुढे जागा नव्हती, म्हणून शंभर हे शून्याच्या जागेवर जाऊन बसले. आमच्या वॉर्डात बत्तीस जसे बसले, तसेच.

अशीच एक तारीख पुढे आहे. कित्येक यंत्रे वेळ मोजताना १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत साठवतात. त्यातला टोकाचा बिट उणे चिन्हासाठी राखलेला असतो. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी बाकीचे एकतीस बिट भरतील. पुढच्या सेकंदाला तो टोकाचा बिट लागेल आणि दुरुस्ती न झालेले यंत्र डिसेंबर १९०१ दाखवेल. त्या सकाळी पावणेनऊला एखाद्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाचे वय संगणक दुसऱ्याच क्षणी किती सांगेल, याचा विचार करा. नवे संगणक आणि मोबाइल चौसष्ट बिटांवर गेले आहेत, त्यांची चिंता नाही. चिंता आहे ती मॉनिटर, इन्फ्युजन पंप, प्रयोगशाळेतली यंत्रे यांच्या पोटातल्या लहान संगणकांची. सरकारी रुग्णालयात आज घेतलेले यंत्र बारा-पंधरा वर्षे वापरले जाते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणजे २०३८ चा प्रश्न आजच्या खरेदीचा आहे.

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, अशी चूक लाखात एकदा व्हायची, एवढे काय मनावर घेता? माझे उत्तर डॉक्टरचे आहे. मधल्या आकड्यांत राहणारे रुग्ण बहुधा मध्यम आजारी असतात. जो सर्वात जास्त आजारी असतो, तो टोकावर असतो. साखर मोजणारे छोटे यंत्र घ्या. बऱ्याच यंत्रांत ६०० च्या वर साखर गेली की आकडा न येता 'हाय' असा शब्द येतो. म्हणजे 'माझे माप संपले, साखर याहून जास्त आहे'. यंत्र प्रामाणिक आहे. पण संगणकातल्या रकान्यात फक्त आकडाच टाकता येतो. मग कोणी ६०० टाकतो, कोणी ९९९ टाकतो, कोणी रकाना मोकळा सोडतो. मोकळा रकाना काही प्रोग्रॅम शून्य समजतात. साखर आभाळाला टेकलेला रुग्ण कागदावर साखर उतरलेला होतो. या दोन रुग्णांचे उपचार एकमेकांच्या नेमके उलट आहेत. मीही तरुणपणी केसपेपरवर 'हाय'च्या जागी ६०० लिहिले आहे, आणि दुसऱ्या दिवशी ५८० आल्यावर 'फारसा फरक नाही' म्हणालो आहे. आदल्या दिवशी खरी साखर ९०० असेल, तर फरक फार मोठा होता.

वय शंभरच्या पुढचे, वजन पाऊण किलोचे, खाट शेवटची. टोकाची माणसे टोकाच्या आकड्यांत राहतात. तिथेच प्रोग्रॅम सर्वात कच्चा असेल, तर तो नेमक्या ज्याला गरज आहे त्याच्यापाशी दगा देणार.

यावर उपाय महाग नाहीत. प्रोग्रॅमरांसाठी माझ्या भाच्याने सांगितले ते असे. घरांची मोजणी साठवायला घरांच्या नंबराला लागते त्याहून एक मोठे माप घ्या. वॉर्ड पूर्ण आहे का हे आधी वेगळे विचारा, आणि पूर्ण असेल तर सगळी छिद्रे उघडी असलेली पट्टी थेट वापरा, सरकवण्याच्या भानगडीत पडू नका. काही जण सगळी छिद्रे असलेली पट्टी घेऊन ती उलट बाजूने सरकवतात. त्याने पूर्ण वॉर्डाचा प्रश्न सुटतो, पण मग शून्य खाटांसाठी बत्तीस घरे सरकवावे लागते आणि खड्डा दुसऱ्या टोकाला जातो. असा खड्डा हलवलात तर तो कुठे गेला हे लिहून ठेवा. बत्तीसऐवजी चौसष्ट बिटांची रांग घेतली तर आमचा वॉर्ड वाचेल, पण चौसष्ट खाटांचा वॉर्ड पुन्हा अडकेल. म्हणून मोठे माप घ्या आणि शेवटही तपासा, दोन्ही करा.

खरेदी करणाऱ्यांसाठी माझी सूचना आहे. प्रणाली ताब्यात घेण्यापूर्वी, पुरवठादार समोर असताना, चार नोंदी करून पाहा: शून्य, एक, शेवटची, आणि शेवटच्या पुढची. वॉर्ड पूर्ण भरून पाहा. एकशे दोन वर्षांच्या आजीचे नाव घालून पाहा. आज जन्मलेल्या बाळाचे वय घालून पाहा. तारीख २० जानेवारी २०३८ करून पाहा. अर्ध्या तासाचे काम आहे, आणि त्यासाठी संगणक अभियंता लागत नाही. वॉर्डातली कोणतीही सिस्टर हे करू शकते, किंबहुना त्यांनीच करावे, कारण टोकाची माणसे त्यांनी पाहिलेली असतात. 'नाही', 'माहीत नाही' आणि 'मापाबाहेर' यांना तीन वेगळी घरे हवीत, हे निविदेतच लिहा. शून्याने या तिघांचे काम करू नये.

आणि आम्हा डॉक्टरांसाठी. यंत्राने 'हाय' म्हटले तर 'हाय'च लिहा, आकडा बनवू नका. पडदा आणि डोळे यांत फरक पडला तर आधी डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि वॉर्डात एक फोन करा. नोंदणी करणाऱ्या मुलावर ओरडण्यापूर्वी त्याच्या नोंदी पाहा. फळा पुसू नका. संगणक आल्यावर पहिले काम म्हणून आपण फळे आणि वह्या काढून टाकतो. त्या रात्री खरे सांगणारी एकच गोष्ट त्या इमारतीत होती, आणि तिची किंमत एक खडू होती.

त्या रुग्णालयातली चूक पुढे दुरुस्त झाली. कळवल्यावर पुरवठादाराने दोन ओळी बदलल्या. पण तोवर ती किती पावसाळे तशीच पडून होती, आणि बत्तिसावी खाट भरलेल्या किती रात्री तिने असेच सांगितले असेल, याची नोंद कुठेही नाही. मी बदलून निघालो तेव्हा इन्चार्ज सिस्टरांनी मला वॉर्ड दाखवला. पडद्यावर ३२ पैकी ३२ होते. शेजारी फळ्यावरही ३२ पैकी ३२ लिहिले होते. मी म्हणालो, "सिस्टर, आता तर पडदा बरोबर आहे." त्या म्हणाल्या, "हो सर. पण मी रोज दोन्ही बघते."